सासरची पाखरं

ज्या साली मका कमरेएवढा होऊन उभ्या जागी वाळला, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. वाळलेल्या मक्यात गुरं सोडली, तर त्यांनीसुद्धा पानं हुंगून माना फिरवल्या होत्या. पाऊस येतच नव्हता असं नाही. यायचा, जमीन भिजवायचा, आम्हाला पेरायला लावायचा, आणि मक्याला तुरा फुटायच्या ऐन वेळी पाठ फिरवायचा. मग रुंडे नदीच्या वाळूत खड्डे करून बायका वाटी वाटी पाणी भरत बसायच्या. माझ्या लहानपणी पावसाला वेळ ठाऊक असे. चुकला तरी घरच्या माणसासारखा चुके, उशिरा का होईना दार वाजवी. आता तो वाटसरूसारखा झाला होता.

त्या साली पेरणीच्या आधी शेतकी खात्याची पोरगी मोटरसायकलवरून आमच्या गावात आली. शुवाई तिचं नाव. अंगभर धूळ, पाठीला बियाण्याची पोती बांधलेली. मारुलाच्या झाडाखाली सगळं गाव जमलं. पुरुष ओंडक्यांवर, आम्ही बायका पाय लांब करून जमिनीवर.

"मक्याला तुरा येताना पाणी लागतंच," ती म्हणाली. "नाही मिळालं की संपला. ज्वारी तशी नाही. ऊन तापलं की ती पानं गुंडाळून घेते आणि वाट बघते. पाऊस आला की पुन्हा चालू लागते."

"पोरी, तू आम्हाला आमच्याच आजीची ओळख करून देतेस," मुखिया चिकोरे म्हणाला, आणि सगळे हसले. तीही हसली.

"तर मग तुम्हाला पाखरंही ठाऊक असतील," ती म्हणाली. "म्हणून सांगते, एकट्यादुकट्यानं पेरू नका. सगळ्यांनी पेरा, आणि एकाच आठवड्यात पेरा. म्हणजे कणसं एकदम भरतील आणि पाखरं वाटली जातील. एकाच्याच शेतात ज्वारी असली, तर आसपासची सगळी पाखरं त्याच्याच डोक्यावर."

"कबूल आहे का?" मुखियानं विचारलं. सगळे हात वर गेले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एक गाणंसुद्धा म्हटलं. मुखिया उठून म्हणाला, "हा गावाचा शब्द."

आमच्यात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. पाणी देतात, बसायला देतात, आणि हो म्हणतात. ती पोरगी दुसऱ्या जिल्ह्यातली होती, पण आमच्याच भाषेतली. तिला हे कळायला हवं होतं. मलाही कळायला हवं होतं. पण मी त्या दिवशी बियाण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालले होते ती नव्या नवरीसारखी. ज्वारीचं पीठ पाण्यात घोटून केलेला घट्ट, लालसर सादझा मी किती वर्षांत खाल्ला नव्हता. जिभेवर त्याची खरखर आतापासूनच येऊ लागली होती.

घरी माझी सून रेजिना आणि तिची मुलगी चेनाई, एवढीच माणसं. माझा मुलगा रुनेसू कामाला जोहान्सबर्गला. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. रेजिनानं गाठोडं उघडून दाणे बघितले.

"आई, खरंच हे पेरायचं?"

"गावानं शब्द दिलाय."

"गावानं दिलाय. पाखरांनी दिलाय का?" ती म्हणाली. "चेनाईच्या डब्यात लाल सादझा बघून पोरं हसतील ते वेगळंच. आणि दिवस दिवस शेतातल्या माळ्यावर चढून ओरडणार कोण? तुमच्या वेळी घराघरात पोरंसोरं होती, नणंदाजावा होत्या. आता घरात तुम्ही आणि मी."

"मी ओरडीन."

तिनं माझ्याकडे बघितलं. रेजिना वाईट बोलणारी नव्हती. जे असेल ते सरळ सांगायची, तेवढंच. "हे एक साल," ती म्हणाली. "कणगीत दाणा आला तर ठीक. पाखरांनी नेला, तर मी चेनाईला घेऊन रुनेसूकडे जाते. तो केव्हापासून ये म्हणतोय. मग मला थांबवू नका."

त्या दिवसापासून ज्वारीचा दाणा म्हणजे माझ्यासाठी नुसता दाणा राहिला नाही.

आम्ही दोघींनी पेरलं. माझं कमरेतून वाकणं आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. मी एका हातानं कुदळीच्या दांड्याला धरून उभी राहायची आणि दुसऱ्या हातानं बी टाकायची, रेजिना पुढं पुढं खणत जायची. पेरून झाल्यावर मी बांधावरून इकडंतिकडं बघितलं. डाव्या बाजूला बेआटा दाणे टाकत होती. पिवळेधमक, मोठे.

"बेआटा, हा मका गं?"

"अगं, तुम्ही सगळे ज्वारी पेरताच आहात," ती म्हणाली. "मी एकटीनं मका पेरला तर काय बिघडतंय? पाऊस झालाच तर कणसं भाजून तुलाच आणून देईन."

बेआटाच्या पलीकडच्यानंही हेच म्हटलं. त्याच्या पलीकडच्यानंही. प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचं गाव ज्वारी पेरतंय, आपण एकटे सुटलो तर कुणाच्या लक्षात येणार? मुखियाच्या शेतातसुद्धा मका होता. ज्वारीचं बियाणं त्याच्या बायकोनं कोंबड्यांना घातलं होतं. सगळ्या गावात ज्वारी एकट्या आमच्या शेतात उगवली.

पुढं पावसानं जे करायचं तेच केलं. मक्याला तुरा आला आणि आभाळ पांढरं पडलं. रोज सकाळी ढग गोरखचिंचेच्या शेंड्यापर्यंत यायचे आणि दुपारी विरून जायचे. मक्याची पानं आधी कडेनं करपली, मग मधून. बेआटा बांधावर येऊन उभी राहायची, आपल्या शेताकडे न बघता आमच्याकडे बघायची. आमच्या ज्वारीनं पानं गुंडाळून घेतली होती. वाळली नव्हती. मग एक सर आली, दोन दिवस आली. मक्याला ती काही कामाची नव्हती. ज्वारीनं मात्र पानं उघडली, आणि थोड्याच दिवसांत कणसं बाहेर पडली.

"आई, तुमची म्हातारी चालायला लागली," रेजिना म्हणाली. त्या दिवशी ती हसली. किती तरी दिवसांनी.

दाण्यात दूध भरलं आणि पाखरं आली.

ज्यानं ती पाखरं पाहिली नाहीत त्याला काय सांगू! चिमणीएवढा जीव, लाल चोच. एक असलं तर माणूस त्याला दाणा टाकेल. पण ती एक कधी नसतातच. लांबून धुरासारखी दिसतात. धूर वळतो, खाली येतो, आणि मग पानांवर पाऊस पडावा तसा आवाज. उठवली की सगळी एकदम उठतात, डोक्यावरून एक फेरा घेतात आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला बसतात. तिथून उठवली की पुन्हा इकडे. दुसरीकडं कुठं जाणार? चहूकडे वाळका मका.

शेताच्या मध्यावर मोपानेच्या लाकडाचे खांब रोवून माळा बांधला होता. त्यावर मी. पलीकडच्या टोकाला, माणसाहून उंच वारुळाजवळ, रेजिना. उजाडायच्या आत चढायचं. पाखरांचा जोर सकाळी आणि दिवस कलताना. दुपारी उन्हानं ती झाडांत बसतात, तेवढाच श्वास. माझ्याकडे तेलाचा रिकामा डबा आणि काठी होती. रेजिनाकडे गोफण होती आणि ओल्या मातीचे गोळे. जुन्या कॅसेटमधली फीत काढून आम्ही शेतावरून ताणली होती; वाऱ्यात ती गुणगुणायची. पहिले दोन दिवस पाखरं तिला भ्याली. मग तिच्यावरच ओळीनं बसू लागली.

ओरडून ओरडून माझा घसा आधी सोलला, मग सुजला, मग त्यातून आवाज येईना. आम्ही दोघी कोमट पाण्यात मीठ घालून प्यायचो आणि खुणांनी बोलायचो. डबा वाजवून उजवा खांदा जड झाला की डाव्यानं वाजवायचा. पाय लोंबकळत ठेवून ठेवून घोट्याशी सुजायचे. जेवण माळ्यावरच: सकाळचा गार सादझा, वाळवलेली भाजी. घास तोंडात घालावा तर तेवढ्यात धूर खाली उतरायचा, आणि घास तोंडात धरूनच डबा वाजवायचा.

चेनाई शाळेतून येऊन माळ्याखाली बसायची. "आजी, त्यांना घरं नाहीत का?" तिनं एकदा विचारलं. मला हसू आलं, पण आवाज नव्हता.

आवाजाचं तेवढं वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते दुसऱ्या गोष्टीचं. मी सून होऊन आले तेव्हा या दिवसांत प्रत्येक शेतात माळा असे आणि प्रत्येक माळ्यावर बाई नाहीतर पोर. माझी सासू इथून ओरडायची, "घे गं, तुझ्याकडे पाठवलीत!" आणि पलीकडची बाई लगेच, "ठेवून घे तुझी तुलाच, माझ्याकडं पाणी पाजायला वेळ नाही!" एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पाखरं दिवसभर हिंडत राहायची आणि पोटभर कुठंच खायची नाहीत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या नवऱ्यानं रात्री काय केलं, सगळं माळ्यामाळ्यांवरून ओरडून सांगितलं जायचं. दमायचो खूप. पण एकटं कुणी नसायचं. आता मी ओरडले की आवाज वाळक्या मक्यावरून जायचा आणि जायचाच.

त्यात लोकांना थट्टेला विषय मिळाला. माझ्या नवऱ्याच्या कुळाचं देवक पक्षी, म्हणून त्या कुळाला शिरीच म्हणतात. कोंबडी सोडली तर पंखांचं काही त्या घरात मारत नाहीत, खात नाहीत. माझं माहेरचं देवक काळीज. आम्ही कुठल्याच जनावराचं काळीज खात नाही. लग्नानं बाईचं देवक बदलत नाही, पण चूल तर नवऱ्याच्या घरचीच. तेव्हा इतर गावांत जाळी लावून पाखरं धरतात, भाजून खातात, तसं आमच्याकडे चालत नाही. उठवायची, एवढंच.

नदीच्या वाळूत पाणी भरायला गेले की बायका सुरू करायच्या.

"मुनाकी, पाहुणे अजून आहेत का गं?"

"सासरची माणसं ती. त्यांना डबा वाजवून हाकलतेस? लाज नाही वाटत?"

"दीर असतील, नणंदा असतील," बेआटा म्हणाली. "पाट मांड, पाणी दे, म्हण, या भाऊजी, बसा, जेवून घ्या. ज्वारी तुमचीच आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसणं सोपं असतं. घागर डोक्यावर घेऊन परत येईपर्यंत मात्र वाट लांब वाटते. यांतली एकही बाई माझ्या बांधावर आली नव्हती. मीही कुणाला ये म्हटलं नव्हतं. कुठल्या तोंडानं म्हणायचं? शब्द मोडला त्यांनी, पण मागायला गेले असते तर भिकारी मी ठरले असते.

दाणा दुधातून घट्ट होऊ लागला. आणखी थोडे दिवस निभावले असते तर काढता आला असता. पण शेताच्या कडेकडेनं कणसं पांढरी दिसू लागली होती. आत दाणा नाही, नुसती टरफलं. रोज पांढरं वाढत होतं आणि लाल आकसत होतं.

एका दुपारी रेजिना वारुळावर चढली. आमच्याकडे फोनला रेंज तिथंच लागते. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा मला आवडला नाही.

"काय म्हणतो रुनेसू?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"म्हणतो, शेताचं काय चाललंय."

"आणि?"

"मी म्हटलं, पाखरं जेवतायत." तिनं गोफण खांद्यावर टाकली. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, दोरी घासून घासून. "आई, मी काढणीपर्यंत थांबणार आहे. म्हटलंय ना. पण तुम्हीच बघा, काढायला काय राहतंय ते."

ती आपल्या टोकाला निघून गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मला वाटलं, ही पोरगी मनानं गेलीच आहे. दाणा तेवढा तिला धरून होता, आणि दाणा तर असा जात होता.

त्याच दिवशी वुरायाई आला.

वुरायाई आमच्या घराचा साहविरा. माझ्या नवऱ्याचा बाप आणि त्याचा बाप यांनी केव्हातरी हे नातं बांधलं. ते रक्ताचं नाही आणि सुटतही नाही. साहविरा घरातल्या कुणालाही काहीही बोलू शकतो. घरात मयत झाली की खड्डा तो खणतो, मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करतो, रडणाऱ्यांना हसवतो, आणि प्रेत पुरेपर्यंत त्या घरात त्याचाच शब्द चालतो. मुखियासुद्धा तेव्हा त्याच्यापुढे गप्प. माझ्या नवऱ्याच्या मयताला त्यानं त्याची टोपी घालून, त्याच्यासारखं खोकून, मला चहा मागितला होता. मी रडता रडता उठून चूल पेटवायला गेले होते.

आता तोही म्हातारा झालेला. एक पाय ओढत आला, माळ्याखाली उभा राहिला आणि वर बघितलं.

"वहिनी, हे काय? जिवंतपणीच झाडावर चढून बसलीस? पुरायला मी आहे अजून. खाली ये."

"पाखरं आहेत," मी म्हटलं.

"काय? वरचा डबा बोलला की तू बोललीस?" त्यानं हात कानाशी नेला. "घसा गेलाय तुझा. बरं झालं. माझा मित्र याचसाठी झुरून गेला."

मला हसू आलं, आणि हसताना घसा इतका दुखला की डोळ्यांत पाणी आलं. तो बघत होता. मग शेताकडे बघितलं. कडेचं पांढरं बघितलं, पलीकडे गोफण फिरवणारी रेजिना बघितली, आणि बांधापलीकडचा वाळका, मोकळा मुलुख बघितला.

"बाकीचे कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"कोण बाकीचे?"

"मारुलाखाली मीही होतो. पुष्कळ हात मोजले मी."

धूर खाली येत होता. मी डबा वाजवला. वुरायाईनं थोडा वेळ पाय दाबत बसून घेतलं, माझ्या पानातला उरलेला सादझा न विचारता खाल्ला, आणि उठला. मला वाटलं होतं, थांबेल, थोडी मदत करील. "येतो," म्हणाला आणि पाय ओढत गावाकडे चालू लागला. तेव्हा मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखरांचा जोर ओसरत आला होता, तेव्हा गावाकडून ढोल ऐकू आला. मयताचा ढोल लपत नाही. पाठोपाठ बायकांचं रडणं. कोण गेलं? मुखिया? बेआटाचा आजारी नवरा? आमच्यात मयत झाली की कुणी शेतात काम करीत नाही. केलं तर अपमान. मी उतरायला शिडीवर पाय ठेवला, तेवढ्यात पाखरं उठली, आणि पाय तिथंच राहिला. जाऊ कशी? मी शिडीवर अर्ध्यात उभी राहून, कोण मेलं ते न कळता, रडू लागले.

रडणं जवळ येत गेलं. ते आमच्याच शेताकडे येत होतं. पुढं बायका, डोक्याला फडकी गुंडाळलेल्या. कुणाच्या हातात पिठाची वाटी, पीठ नव्हतं त्यांच्या डोक्यावर सरपण. मागं पुरुष, ढोल घेऊन. सगळ्यांच्या पुढं बेआटा, दोन्ही हात डोक्यावर ठेवून.

"मुनाकी! माझ्या बहिणी! मला टाकून कुठं गेलीस गं! आता मी पाण्याला कुणाबरोबर जाऊ!"

माझं नाव घेऊन ती रडत होती. इतकं मनापासून, की मलाही क्षणभर शंका आली. मी शिडीवर तशीच उभी. ज्या बायकांनी एवढ्या दिवसांत माझ्या बांधाला पाय लावला नव्हता, त्या सगळ्या ज्वारीतून वाट काढत मला रडत येत होत्या. त्यांची तोंडं मी वरून बघितली. खरं सांगते, कुणी खोटं रडत नव्हतं. मेल्यावर माणसाला एवढी सोबत मिळते हे मला ठाऊक होतं. ती कशी दिसते ते त्या दिवशी बघितलं.

बेआटा माळ्यापाशी आली, माझे पाय तिला दिसले, आणि तिनं वर बघितलं. तिचा आवाज मध्येच तुटला.

"मेली नाहीस?"

"अजून नाही," मी म्हटलं. "पण तू एवढी लांबून आलीस, तर बस थोडी."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग मुखियाचा आवाज चढला. "मयत कुणाची सांगितली? वुरायाई! कुठं आहे तो?"

वुरायाई ज्वारीतून बाहेर आला. माझ्या नवऱ्याची जुनी टोपी त्याच्या डोक्यावर होती.

"मी कुणाचंही नाव घेतलं नाही," तो म्हणाला. "शिरींच्या शेतावर मयत झाली, चला, एवढंच म्हटलं. तुम्हाला म्हातारीच आठवली, हा माझा दोष?"

"मग मेलं कोण?"

"गावाचा शब्द मेला." त्यानं टोपी काढून छातीशी धरली. "मारुलाखाली जन्मला, तुम्ही सगळ्यांनी हात वर करून त्याला जन्म दिलात. बाळसं धरायच्या आत गेला बिचारा. कुणी रडलं नाही त्याला. आज रडलात, बरं वाटलं."

"हे अशुभ आहे," मुखिया म्हणाला. "जिवंत घरात मयत आणलीस. याचा दंड होईल."

"कर. बकरी मागशील ना? शेवटची होती ती उपासानं गेली. तिच्या मयताला तू आला नव्हतास." लोक हसले. वुरायाई हसला नाही. "पण दंड प्रेत पुरल्यावर. आता इथं माझा शब्द चालतो. आणि प्रेत अजून उभं आहे, हे बघ." त्यानं हातानं ज्वारी दाखवली. "हे कणगीत गेलं की पुरलं. तोवर सुतक. ढोल थांबायचा नाही, बायकांनी गप्प बसायचं नाही, आणि पाखरं झोपायला जायच्या आत कुणी उठून घरी जायचं नाही. जो जाईल त्यानं मेलेल्याला लाथाडलं असं मी समजेन."

मयताच्या ठिकाणी साहविराशी कुणी भांडत नाही. मुखिया बांधावर बसला, आणि ढोलवाल्याकडे बघून म्हणाला, "काय बघतोस? वाजव."

ढोल सुरू झाला. पाखरं उठली. शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली तर तिथं बायका रडत होत्या. तिकडून उठली तर इकडं पुरुष. दिवसभर ती आभाळात फिरत राहिली आणि बसायला जागा मिळेना. पोरं फांद्या घेऊन बांधावरून पळत होती. बेआटा माझ्या माळ्यावर येऊन बसली. तिनं माझ्या हातातला डबा घेतला. "तू झोप," म्हणाली. मी झोपले नाही, पण डोळे मिटले.

दिवस बुडाल्यावर, पाखरं झाडांकडे गेल्यावर, लोक उठले. रोज सकाळी वुरायाई दारोदार जाऊन पुन्हा रडत उठवायचा. पोटाला काय, तर मयताच्या घरी जेवण असतंच: मऊ दाण्याची कणसं आगीवर भाजायची आणि हातावर चोळून खायची. शेतातली थोडी ज्वारी अशीच गेली. पण माणसांनी खाल्लेली मोजायची नसते. शुवाई मोटरसायकलवरून आली, ढोल ऐकून घाबरली, आणि खरं कळल्यावर बांधावर बसून पोट धरून हसली. मग तीही फांदी घेऊन उठली.

दाणा टणक झाल्यावर सगळ्यांनी मिळून कणसं कापली, खडकावर पसरली, काठ्यांनी झोडली. कणगी काठोकाठ भरली नाही. पण पुढच्या पेरणीपर्यंत तीन तोंडांना पुरेल इतकी भरली. रेजिनानं शेणमाती कालवून कणगीचं तोंड लिंपलं. वुरायाईनं मूठभर माती टाकावी तसा हात हलवला आणि म्हणाला, "पुरलं." सगळे हात धुवून घरी गेले.

मी चुलीपाशी ज्वारीचा सादझा घोटत होते. लाल, खरखरीत, माझ्या आईच्या हातचा असायचा तसा. मन इतकं हलकं झालं होतं. रेजिना हात धुवून आली आणि समोर गुडघ्यांवर बसली, मोठ्या माणसाशी बोलताना बसतात तशी.

"आई, मी पुढच्या आठवड्यात निघते."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अगं, कणगी भरली. तूच म्हणालीस, दाणा आला तर ठीक."

"हो. म्हणूनच." ती खाली बघत होती. "रिकाम्या कणगीपाशी सासूला सोडून गेली, असं नाव मला नको होतं. मला ते जमलंही नसतं. मुखानं म्हटलं खरं, जाईन म्हणून, पण पाय निघाला नसता. आता तुमच्याकडे दाणा आहे. गावही येऊन गेलं. चेनाईला तिच्या बापाचा आवाज फक्त वारुळावर ऐकू येतो, आई."

घोटणी माझ्या हातात तशीच राहिली. शेताच्या त्या टोकाला ती गोफण फिरवायची, बोटं फाटेपर्यंत फिरवायची, घसा बसेपर्यंत ओरडायची; मला वाटायचं, माझ्या बाजूनं लढतेय. ती जाण्यासाठी लढत होती. आणि मीच डबा वाजवून वाजवून तिचा रस्ता मोकळा करत होते.

"सादझा बुडाला लागेल," ती म्हणाली. मी पुन्हा घोटू लागले.

निघताना मी तिला ज्वारीच्या पिठाचं गाठोडं दिलं. जोहान्सबर्गला हे कोण खातं, असं ती म्हणाली नाही. चेनाई बसच्या खिडकीतून हात हलवत होती, आणि मग धूळ आली.

पुढच्या पेरणीआधी बायका माझ्या दारात बियाण्याला आल्या. मी प्रत्येकीला ओंजळ ओंजळ दिलं आणि एकच अट घातली, माझ्याच आठवड्यात पेरायचं. या वेळी कुणी हात वर केला नाही, शब्दही दिला नाही. पेरलं मात्र सगळ्यांनी. मुखियानंही. पाऊस पुन्हा तुऱ्याच्या वेळी रुसला, पण या साली त्याच्याकडे कुणी फारसं बघत बसलं नाही. दाण्यात दूध भरलं तेव्हा नदीपर्यंत प्रत्येक शेतात माळा होता.

मी माझ्या माळ्यावर एकटी चढले. डबा मांडीवर घेतला. सगळीकडून हाका येत होत्या, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत होतं, पोरं ओरडत होती. धूर लांबून आला, वळला आणि फुटला. थोडा इकडं, थोडा तिकडं, शेताशेतांत विखुरला. माझ्या शेतात उतरली ती ओंजळभर. मी डबा वाजवायला काठी उचलली आणि तशीच धरली. जरा वेळ त्यांना खाऊ दिलं.